एकशे ऐंशी मिनिटांचा अभ्यासक्रम: घरशाळेच्या नोंदी, जानेवारी ते मे २०२५

५ जानेवारी २०२५, रविवार

चार मुलांचा अभ्यासक्रम आपण स्वतः बांधायचा, यावर महिनाभर नुसते बोलणे चालले होते. आजपासून कामाची लेखी नोंद ठेवायची असे ठरले. थोरली तेरा वर्षांची आहे, मधला दहाचा, धाकटी सहाची आणि शेंडेफळ दोन वर्षांचे. शेंडेफळाला अजून काही शिकायचे नाही, पण बाकी तिघांना दिवसभरात किती शिकता येईल हे बऱ्याच अंशी तेच ठरवते, म्हणून त्याला वगळून केलेला कोणताही आराखडा कागदावरच राहील. सकाळचे तीन तास शिकवण्याची जबाबदारी माझी आणि दुपारनंतरची पत्नीची, कारण तिचे काम सकाळी असते आणि माझे दुपारी सुरू होते.

पहिला आराखडा कोणालाही सुचेल तसाच केला होता: ज्याच्या त्याच्या इयत्तेची पुस्तके आणायची, प्रत्येकाचे सहा विषय धरायचे आणि विषयाला अर्धा तास द्यायचा. माझा व्यवसाय हिशेबाचा असल्यामुळे बेरीज केल्यावाचून राहवले नाही. तीन मुले, सहा विषय आणि तीस मिनिटे यांचा गुणाकार ५४० मिनिटे होतो, आणि माझ्या हाताशी सकाळची मिनिटे आहेत १८०. जमेच्या तिप्पट खर्च असलेला अर्थसंकल्प मी दुसऱ्या कोणाला मंजूर करून दिला नसता. तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली की या प्रकल्पात तुटवडा पुस्तकांचा किंवा मुलांच्या उत्साहाचा नाही, तो शिकवणाऱ्याच्या लक्षाचा आहे, आणि म्हणून आराखड्याची सुरुवात विषयांच्या यादीपासून न करता मिनिटांपासून करावी लागेल.

एकशिक्षकी शाळांतील शिक्षक हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवत आले आहेत. शिक्षणशास्त्रात त्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतात. कोलंबियात १९७० च्या दशकात खेड्यांतील अशा शाळांसाठी ‘एस्क्वेला नुएवा’ नावाचा उपक्रम उभा राहिला, आणि त्यात मुलांना स्वतः वाचून पुढे जाता येईल अशा मार्गदर्शिका तयार केल्या गेल्या, म्हणजे शिक्षक एका गटाजवळ बसला असताना बाकीच्यांचे काम थांबत नसे. आमच्या टेबलावरची पाठ्यपुस्तके उघडून पाहिली तेव्हा फरक लगेच लक्षात आला. त्यांतल्या सूचना मुलाला उद्देशून असल्यासारख्या दिसतात, पण मध्ये शिक्षक उभा आहे असे गृहीत धरूनच त्या लिहिलेल्या असतात.

८ जानेवारी, बुधवार

घरी शिकवण्याचे नियम देशागणिक निराळे आहेत. जर्मनीत शाळेत जाणे सक्तीचेच आहे, तर काही ठिकाणी नोंदणी आणि वर्षाअखेरीचा अहवाल पुरतो. आपल्याला लागू असलेले नियम वाचून त्यांतील आवश्यक कागदांची यादी फाइलच्या पहिल्या पानावर लावली आणि तो विषय संपवला.

संध्याकाळ उद्दिष्टांवर गेली. राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमासाठी चार प्रश्न मांडले होते: काय साधायचे, त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे, ते कोणत्या क्रमाने मांडायचे आणि साधले की नाही हे कसे ओळखायचे. आम्ही पहिल्या प्रश्नावरच अडकलो. शेवटी प्रत्येक मुलासाठी वर्षअखेरची तीनच वाक्ये लिहायची आणि त्यांत ‘समजेल’ व ‘माहीत होईल’ ही क्रियापदे वापरायची नाहीत, असा नियम केला, कारण ती दोन्ही तपासता येत नाहीत. धाकटीचे एक वाक्य असे झाले: पूर्वी न पाहिलेला दहा ओळींचा मजकूर ती जोडाक्षरांसह वाचील आणि आपल्या शब्दांत सांगेल. मधल्याचे: भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करील आणि उत्तर बरोबर का आहे हे चित्र काढून दाखवील. थोरलीचे: शाब्दिक उदाहरणावरून एका चलातील समीकरण स्वतः मांडील. मधल्याच्या वाक्यातील उत्तरार्ध पत्नीने आग्रहाने घातला. मला तो तेव्हा फाजील वाटला होता.

१२ जानेवारी, रविवार

आज विषयांची विभागणी झाली, आणि माझ्या मते सगळ्या आराखड्याचा कणा हाच आहे. काही विषय शिडीसारखे असतात. खालच्या पायरीवर पाय पक्का बसल्याशिवाय वरची पायरी चढता येत नाही. गणित, वाचन, लेखन आणि नवी भाषा हे त्यांतले. बाकीचे विषय अंगणासारखे असतात. त्यांत कोणत्याही बाजूने शिरता येते, आणि ज्वालामुखीची ओळख नदीच्या आधी झाली की नंतर, याने काही बिघडत नाही. इतिहास, भूगोल, विज्ञान, चित्रकला, संगीत आणि मोठ्याने वाचून दाखवायची पुस्तके या बाजूला गेली. शिडी ज्याची त्याला लागते, अंगण मात्र तिघांना मिळून एक पुरते. या हिशेबाने माझ्या १८० मिनिटांपैकी ९० शिडीला गेली, म्हणजे प्रत्येकाला ३०. ६० मिनिटे एकत्र पाठाला. आणि उरलेली ३० शेंडेफळाला व रोजच्या सांडलवंडीला.

सहा आणि तेरा वर्षांच्या मुलांना एकच विषय एकत्र कसा शिकवायचा, ही शंका पत्नीने काढली आणि ती रास्त आहे. जेरोम ब्रूनर यांनी १९६० मध्ये सर्पिल अभ्यासक्रमाची कल्पना मांडली, तिचा आधार येथे घेता येतो: तोच विषय काही वर्षांनी पुन्हा घ्यायचा, पण दर वेळी अधिक खोलवर. इतिहासाचे चार कालखंड करून वर्षाला एक घेतला तर चार वर्षांत चक्र पूर्ण होते. त्यामुळे धाकटीला प्राचीन काळ सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या वर्षी भेटेल, मधल्याला दहाव्या आणि चौदाव्या वर्षी. थोरलीच्या वाट्याला मात्र हे चक्र जेमतेम एकदाच येते, म्हणून तिच्यासाठी प्रत्येक कालखंडाचे स्वतंत्र, जाड वाचन ठेवले आहे.

कालरेषेसाठी भिंतीवर कागदाची पट्टी लावली, १ सेंटिमीटरला १० वर्षे या प्रमाणाने. पाच हजार वर्षांना पाच मीटर भिंत लागली आणि दाराची चौकट मध्ये आल्यामुळे रेषेला एक वळण मिळाले. मधल्याने विचारले की पहिली माणसे या पट्टीवर कुठे येतील. आपली मानवजात सुमारे तीन लाख वर्षे जुनी धरली तर पट्टी ३०० मीटर लांब करावी लागते. पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे धरले तर साडेचार हजार किलोमीटर. हा दुसरा गुणाकार त्याने शून्ये दोनदा मोजून स्वतः केला, मग नकाशा काढून साडेचार हजार किलोमीटरवर कोणते शहर येते ते शोधत बसला. ठरलेला पाठ राहून गेला, आणि मी तो राहू दिला.

१९ जानेवारी, रविवार

कोण कुठे उभे आहे हे पाहण्यात आठवडा गेला. प्रश्नपत्रिका काढली नाही. शेजारी बसून काम करताना पाहिले. थोरलीचे वाचन भरपूर आहे, पण लिहायला सांगितले की चार ओळींत विषय संपवते. ऋण संख्यांच्या वजाबाकीत अजून चाचपडते. धाकटीला काना-मात्रा येतात, जोडाक्षर आले की थांबते आणि पुढचा शब्द चित्रावरून ओळखू पाहते.

मधल्याचे पाढे तोंडपाठ आहेत, पण सात आठे किती असे विचारले तर तो सात एके सातपासून म्हणत येतो. म्हणजे पाढा त्याला चालीसारखा येतो, प्रत्येक गुणाकार सुटा येत नाही. १ ते १० च्या पाढ्यांत १०० गुणाकार आहेत. उलटसुलट सारखे धरले तर ५५ उरतात, आणि त्यांतून १, २, ५ व १० चे सोपे काढले की अवघे २१. ही संख्या ऐकून त्याच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला, तो पाहून वाटले की हा हिशेब त्याला कोणीतरी दोन वर्षांपूर्वीच करून द्यायला हवा होता. एकवीस कार्डे कापली. त्यांतली नऊ त्याला पटकन आली. उरलेल्या बारांसाठी पाच कप्प्यांची पेटी केली. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये लोकप्रिय केली: उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी समोर येते, चुकले की परत पहिल्या कप्प्यात. विस्मरण सुरुवातीला वेगाने होते आणि मग मंदावते, हे हरमान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले होते; ही पेटी त्याच गोष्टीचा उपयोग करते. रोज पाच मिनिटे, त्याहून अधिक नाही.

२७ जानेवारी, सोमवार

पहिला दिवस. घड्याळाच्या काट्यांवर आखलेले वेळापत्रक सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी संपुष्टात आले. शेंडेफळाने धाकटीच्या अक्षरांच्या पट्ट्या पाण्याच्या बादलीत बुडवल्या, त्या वाळत घालेपर्यंत मधल्याची वेळ संपली होती, आणि ‘आता माझी वेळ आहे’ असे थोरली कागदाकडे बोट दाखवून म्हणाली. तिचे बरोबरच होते. चूक कागदाची होती.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दहा दिवसांत वेळापत्रक तीनदा बदलले. आता घड्याळ काढून टाकले आहे आणि फक्त क्रम ठेवला आहे: न्याहारीनंतर सर्वांचे एकत्र वाचन, मग शिडी, मग बाहेर, मग एकत्र पाठ. एकत्र पाठाचे विषय वारांना बांधले होते, त्यामुळे ज्या वारी घरात आजारपण आले किंवा पाहुणे आले त्या वाराचा विषय कायमचा मागे पडत होता. दोन्ही बुधवार वाया गेल्याने भूगोल अजून सुरूच झाला नव्हता. आता सहा विषयांचे चक्र केले आहे: इतिहास, विज्ञान, भूगोल, विज्ञान, चित्रकला, संगीत. काल जिथे थांबलो तिथून आज पुढे जायचे. वार कोणता आहे हे पाहायचेच नाही. विज्ञान दोनदा आहे, कारण प्रयोग एका बैठकीत पुरा होत नाही. या एका बदलाने ‘मागे पडलो’ ही भावनाच नाहीशी झाली, कारण चक्रात मागे पडता येत नाही, फार तर ते सावकाश फिरते.

एकत्र वाचनाची गोष्ट वेगळी नोंदवण्यासारखी आहे. लहान मुलाला ऐकून जेवढे कळते तेवढे स्वतः वाचून कळत नाही, म्हणून पुस्तक मधल्याच्या पातळीचे निवडतो. धाकटी कान देऊन त्याच्यापर्यंत पोहोचते आणि थोरली नको नको म्हणत शेवटी तिथेच बसून राहते. वाचून झाल्यावर एकाने ऐकलेले आपल्या शब्दांत सांगायचे. ही शार्लट मेसन यांची पद्धत आहे. सहा वर्षांच्या आतील मुलाकडून असे सांगण्याची अपेक्षा ठेवू नये, असे त्यांचे मत होते. आम्ही धाकट्यापासून मोठ्याकडे या क्रमाने विचारतो, नाहीतर थोरली सगळे सांगून मोकळी होते आणि बाकीच्यांना उरत काही नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

थोरलीने धाकटीचे वाचन घ्यायचे, असा पंधरा मिनिटांचा प्रयोग दोन आठवडे केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेल यांनी मद्रासच्या एका अनाथालयात मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवण्याची पद्धत रुजवली आणि पुढे ती इंग्लंडभर पसरली; ती स्वस्त होती, हे तिच्या प्रसाराचे एक मोठे कारण होते. घरातही मोह हाच असतो: आपली पंधरा मिनिटे वाचतात. प्रत्यक्षात असे दिसले की धाकटी अडखळली की थोरली क्षणात शब्द सांगून टाकते, त्यामुळे वाचन वेगाने होते आणि शिकणे होत नाही. त्यासाठी तिला दोष देता येणार नाही, कारण थांबून राहणे हे शिकवण्यातले सर्वांत अवघड काम आहे आणि ते मलाही नीट जमत नाही.

शिकवणे बंद करून तिच्याकडे दुसरे काम दिले: आपण जे शिकलो ते आठवड्यातून एकदा मधल्याला समजावून सांगायचे. माँटेसोरी वर्गांत साधारण तीन-तीन वर्षांच्या अंतराची मुले एकत्र बसवतात, आणि या दोघांतले अंतरही तेवढेच आहे. पुढे कोणाला सांगायचे आहे हे ठाऊक असले की ती वाचताना टिपणे काढते, एरवी काढत नाही. त्यात तिचा फायदा आहे. धाकटीच्या वाचनात फायदा फक्त माझा होता.

४ मार्च, मंगळवार

महिन्याचा हिशेब काढला. मी रोज कोणाजवळ किती मिनिटे बसलो हे एका वहीत टिपत आलो आहे. ही माझी सवय घरात थट्टेचा विषय आहे. २७ जानेवारीपासून २८ फेब्रुवारीपर्यंत २२ दिवस प्रत्यक्ष काम झाले. दिवसाची सरासरी अशी: एकत्र पाठ ४६ मिनिटे, धाकटी ४१, शेंडेफळ ३८, थोरली ३३, मधला ११. त्याच्या नावापुढे ३० लिहून ठेवले होते. बाकीची मिनिटे शोधाशोधीत आणि निस्तरण्यात गेली, ती धरलेलीच होती.

अकरा मिनिटे कशी झाली हे शोधायला वेळ लागला नाही. धाकटी हाक मारते, थोरली वाद घालते, शेंडेफळ रडते. मधला काहीच करत नाही. तो कोपऱ्यात बसून पानामागून पान पुरे करतो, ‘झालं का?’ असे विचारले की ‘झालं’ म्हणतो, उत्तरांच्या यादीवरून स्वतः तपासतो, आणि त्याच्या वहीत सगळीकडे बरोबरच्या खुणा आहेत. मी या वहीकडे पाहून दोनदा पत्नीला सांगितले होते की याची काळजी नाही.

आज त्याच्याजवळ बसलो आणि वहीबाहेरचे एक उदाहरण घातले: एक तृतीयांश अधिक एक चतुर्थांश. त्याने न थांबता २/७ लिहिले. अंशात अंश, छेदात छेद. वहीतली तशीच उदाहरणे बरोबर कशी, म्हणून पान उजेडाकडे धरले तेव्हा जवळजवळ प्रत्येक उत्तराखाली खोडरबराने पुसलेल्या दुसऱ्या उत्तराची खूण दिसली. तो लबाडी करत नव्हता. चुकले की पुसायचे आणि यादीतले उत्तर लिहायचे, यालाच तपासणे म्हणतात अशी त्याची समजूत होती, आणि ती दुरुस्त करायला पाच आठवड्यांत कोणी त्याच्याजवळ पुरेसे बसलेले नव्हते.

चौकटीच्या कागदाची २१ चौकटींची एक पट्टी कापली. तिचा एक तृतीयांश भाग रंगवायला सांगितला. सात चौकटी झाल्या. तशाच दुसऱ्या पट्टीवर त्याचे उत्तर, दोन सप्तमांश, रंगवायला सांगितले. सहा चौकटी झाल्या. दोन्ही पट्ट्या एकाखाली एक ठेवून तो बराच वेळ पाहत राहिला.

‘‘बाबा, मिळवल्यावर कमी कसं झालं?’’

मी उत्तर दिले नाही. त्याने पुन्हा चौकटी मोजल्या, पट्टी उलटी करून पाहिली, मग स्वतःच म्हणाला की सातात काहीतरी मिळवले तर सहा होणार नाहीत, म्हणजे उत्तरच चूक आहे. त्यानंतर १२ चौकटींची पट्टी दिली. एक तृतीयांशाच्या चार, एक चतुर्थांशाच्या तीन, मिळून बारांतल्या सात. समच्छेद हा शब्द त्याला ठाऊक होता. तो का करायचा हे त्याला आज कळले, आणि जानेवारीत पत्नीने घातलेला तो ‘चित्र काढून दाखवील’ हा उत्तरार्ध कशासाठी होता हे मला.

७ मार्च, शुक्रवार

पहिले सहा आठवडे संपले. दुरुस्त्या ठरल्या त्या अशा. मधल्याची शिडी दिवसात सर्वांत आधी, एकत्र वाचनाच्याही आधी, कारण तेव्हा शेंडेफळ झोपलेले असते आणि नंतरच्या प्रत्येक मिनिटावर दुसऱ्या कोणाचा तरी अधिक मोठ्या आवाजातला हक्क असतो. गणिताच्या वहीतून पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही हद्दपार. पेनाने लिहायचे, चुकले तर एक रेघ मारायची आणि दुरुस्ती शेजारी करायची. उत्तरांची यादी त्याच्याकडेच राहील, पण रोज एक उदाहरण तो मला तोंडी समजावून सांगेल, आणि ते कोणते हे मी निवडीन. धाकटीची बैठक ४१ मिनिटांवरून पंधरा-पंधराच्या दोन बैठकांवर आणली. मेसन यांनीही या वयासाठी पाठ वीस मिनिटांपेक्षा लांबवू नये असे म्हटले होते, आणि चाळीस मिनिटांतली पंचवीस मी तिला खुर्चीवर बसवून ठेवण्यात घालवत होतो.

२० मार्च, गुरुवार

आज विषुवदिन असल्यामुळे विज्ञानाचा पाठ सावलीवर घेतला. एकाच कामात तीन वयांची तीन कामे कशी बसवायची, याचा मला आतापर्यंत सापडलेला हा सर्वांत चांगला नमुना आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

जुन्या टेबलाची सपाट फळी घेतली, तिच्यावर कागद चिकटवला आणि ३० सेंटिमीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी केली. जुन्या ज्योतिषग्रंथांत अशा काठीला शंकू म्हणतात. धाकटीचे काम दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी ठिपका देण्याचे आणि पुढचा ठिपका कुठे येईल यावर बोट ठेवण्याचे. मधल्याकडे घड्याळ आणि कंपास. त्याने काठीभोवती १७ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढले होते. सकाळी सावली आखडत जाताना टोक वर्तुळाला कधी शिवते आणि दुपारी लांबत जाताना पुन्हा कधी शिवते, या दोन वेळा त्याने टिपायच्या आणि त्यांचा मध्य काढायचा. थोरलीने सर्वांत आखूड सावली मोजायची, तीच मापे घेऊन काटकोन त्रिकोण काढायचा, सूर्याची उंची कोनमापकाने मोजायची आणि तो कोन ९० अंशांतून वजा करायचा. विषुवदिनी माध्यान्ही सूर्य विषुववृत्तावर डोक्यावर असतो, त्यामुळे वजाबाकीचे उत्तर म्हणजे आपल्या ठिकाणाचे अक्षांश.

मधल्याच्या वेळा आल्या ११ वाजून ८ मिनिटे आणि २ वाजून ४ मिनिटे. मध्य काढण्यासाठी त्याने दुसऱ्या वेळेचे १४:०४ केले, फरक १७६ मिनिटे, त्याचा निम्मा ८८, म्हणजे १२ वाजून ३६ मिनिटे. घड्याळात बारा वाजता सूर्य माथ्यावर असतो असे तिघांनीही धरले होते. घड्याळाची वेळ सगळ्या प्रदेशासाठी एक ठरवलेली असते आणि सूर्य प्रत्येक गावासाठी वेगळा माथ्यावर येतो, हे समजावताना जगाचा नकाशा जमिनीवर पसरावा लागला.

थोरलीचे उत्तर नकाशातील अक्षांशांहून पाऊण अंशाने चुकले. ती नाराज होती. मग चूक कुठून आली याचा शोध घेतला: सावलीची कड पुसट असते, कारण सूर्य हा बिंदू नसून आकाशात अर्ध्या अंशाएवढा रुंद दिसतो, मोजणीत एक मिलिमीटर इकडेतिकडे झाला तर कोन सुमारे ०.२ अंशाने बदलतो. आणि कोनमापक अर्ध्या अंशाच्या खाली वाचता येत नाही. तिने या तीन कारणांचे एक पान लिहिले. जानेवारीत चार ओळींवर थांबणाऱ्या मुलीचे हे पहिले पूर्ण पान, आणि ते न सांगता लिहिलेले.

खरा धक्का मात्र धाकटीच्या ठिपक्यांनी दिला. संध्याकाळी फळी आत आणली तेव्हा तिने पट्टी ठेवून ठिपके जोडले, आणि ते सगळे एका सरळ रेषेत होते. सावलीचे टोक वर्तुळाच्या तुकड्यासारखे फिरत असेल, असे बाकी सर्वांना वाटत होते. वर्षातून फक्त विषुवदिनांच्या आसपासच ही रेषा सरळ येते; एरवी तिला बाक असतो. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की मग पुन्हा करून पाहू या.

२६ एप्रिल, शनिवार

दुसरे सहा आठवडे संपले. मूल्यमापनासाठी गुण देत नाही. प्रत्येकाच्या फाइलमध्ये दर सहा आठवड्यांनी तारीख घालून तीन नमुने ठेवतो: लेखनाचा एक, गणिताचा एक आणि ज्याच्या त्याच्या पसंतीचा एक. धाकटीला दर वेळी तोच परिच्छेद वाचायला देत होतो, पण तिसऱ्या वेळेपर्यंत तो पाठ झाला होता, म्हणून आता तितकाच अवघड नवा मजकूर देतो. जोडाक्षरांवर ती अजून थांबते, चित्राकडे मात्र पाहत नाही.

मिनिटांची सरासरी: मधला ३१, थोरली २९, धाकटी ३०, एकत्र ५२. कार्डांच्या पेटीत पहिल्या कप्प्यात दोनच कार्डे राहिली आहेत, सात आठे आणि सहा साते. मधल्याच्या वहीत आता रेघा मारलेल्या चुका भरपूर दिसतात आणि पाहुण्यांना ती वही अस्ताव्यस्त वाटते. मला तीच वही आता वाचता येते.

४ मे, रविवार

वर्ष ३६ आठवड्यांचे धरले आहे, सहा आठवडे काम आणि एक आठवडा विराम या चालीने. आज बाद केलेल्या गोष्टींची यादी केली: नव्या भाषेचे स्वतंत्र पुस्तक (ऐकणे-बोलणे पुरेसे सुरू झालेले नसताना व्याकरण आधी आले होते), धाकटीची सुलेखनाची वही, तिघांसाठी छापून आणलेले तक्ते आणि माझे रंगीत वेळापत्रक. थोरलीच्या बीजगणितात पुढच्या वर्षी माझी मजल संपेल. तिच्यासाठी बाहेरचा शिक्षक आताच शोधायला हवा. ते काम पत्नीने घेतले आहे.

१८ मे, रविवार

मधल्याला वहीबाहेरचे उदाहरण पुन्हा घातले, या वेळी तीन अष्टमांश अधिक एक षष्ठांश. त्याने आधी ‘अर्ध्यापेक्षा थोडं जास्त येईल’ असे म्हटले, मग २४ चौकटींची पट्टी काढली आणि १३/२४ लिहिले. पट्टीची आता गरज नव्हती, पण त्याला ती काढायला आवडते.

२१ जूनसाठी सावलीच्या फळीवर नवा कागद चिकटवला. पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला आहे, यावरून थोरलीने त्या दिवशीची माध्यान्हाची सावली काढून तिच्या टोकाशी पेन्सिलीने एक बारीक फुली केली आहे. धाकटीने वाकडी रेषा आधीच काढून ठेवली आहे, जरा जास्तच वाकडी. मधल्याने कोपऱ्यात आपला अंदाज पेनाने लिहिला: १२ वाजून ३६ मिनिटे, मार्चमध्ये होती तीच वेळ. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे सूर्य त्या दिवशी पाच-सहा मिनिटे आधी माथ्यावर येईल. मी काही बोललो नाही. फळी शेंडेफळाचा हात पोहोचणार नाही अशा बेताने कपाटावर ठेवली.